अगार गोठेना असा उन्हाळा

वैशाख लागला, भिंती हाताला गरम लागू लागल्या, की आमच्या फ्रीजमध्ये एक पांढरा, थरथरणारा पदार्थ दिसू लागतो. सून मुलांसाठी चायना ग्रास करते. दूध, साखर, वेलची, आणि त्यात भिजवून उकळून घातलेल्या त्या कागदासारख्या हलक्या काड्या. मुलं वड्या पाडून पाडून खातात, मलाही आग्रह करतात, आणि मी एखादी खातेही. चांगली लागते. पण सकाळी ते गवत पातेल्यात भिजत पडलं की क्षणभर एक वास येतो, ओला, किंचित खारट, कुठल्यातरी लांबच्या समुद्राचा. तो वास आला की मी उठून गॅलरीत जाऊन बसते. सुनेला वाटतं, मला उकाडा सहन होत नाही.

समुद्राचा हा वास मला पहिल्यांदा भेटला तो बारामतीत, जिथून समुद्र कितीतरी लांब. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. मी पुण्याला बीएस्सी होऊन, तिथल्याच एका प्रयोगशाळेत थोडं काम शिकून, बारामतीला मामाकडे राहायला आले होते. मामा वकील. त्या सुमारास इंदापूरच्या बाजूच्या काही गावांत मुदतीच्या तापाची साथ रेंगाळली होती. डॉक्टर ज्याला विषमज्वर म्हणतात, तो. साथीचं मूळ शोधायला एक डॉक्टर नेमून आले आणि त्यांना मदतीला बाईच हवी होती. कारण सरळ होतं. धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या पोटातही या तापाचे जंतू असू शकतात, आणि ते शोधायचे तर घरोघरच्या माणसांच्या शौचाचे नमुने तपासावे लागतात. खेड्यातली बाई ती नमुन्याची डबी परक्या पुरुषाच्या हातात देणं शक्यच नव्हतं. मामांनी मामीला एवढंच सांगितलं की मुलीला दवाखान्यात काम मिळालं आहे. काय काम, ते मामीने विचारलं नाही. मात्र संध्याकाळी घरी आले की न्हाणीघरात गरम पाणी काढलेलं असायचं आणि अंघोळ केल्याशिवाय मला स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे. मामीचं ते सोवळं तेव्हा मला जुनाट वाटायचं. पुढे त्याच उन्हाळ्यात मी तिचा तो नियम स्वतःहून पाळू लागले.

आमची प्रयोगशाळा म्हणजे गुळाच्या आडतीमागची एक रिकामी खोली. वर पत्रा. पूर्वी तिथे गुळाच्या ढेपा रचत, त्यामुळे फरशी कितीही धुतली तरी तळव्यांना चिकट लागायची आणि मुंग्यांची रांग कधी तुटायची नाही. टेबलाचे पाय आम्ही पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते. टेबलावर स्टो, मोठं अॅल्युमिनियमचं पातेलं, झाकणाला दाबाचा काटा असलेला वाफेचा डबा, कापूस, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या काचेच्या झाकणाच्या बशा. या बशांत जंतू वाढवायचे. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण एकेका जंतूला घट्ट, ओली, पोषक जमीन मिळाली की तो तिथल्या तिथे वाढून टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका होतो, आणि तो ठिपका दिसतो. ती जमीन म्हणजे अगार. समुद्रातल्या शेवाळापासून काढतात. प्रयोगशाळेत वापरायचा परदेशी अगार तेव्हा वेळेवर येत नसे, म्हणून डॉक्टरांनी पुण्याच्या एका मिठाईवाल्याकडून चायना ग्रासचे जुडगे आणले होते. मी ते रात्रभर भिजत घालायची, सकाळी पाणी बदलून बदलून धुवायची. डॉक्टर मूळचे रत्नागिरीकडचे. सकाळी खोलीत आले की त्या बादलीवर वाकून एक लांब श्वास घ्यायचे आणि कामाला लागायचे.

धुतलेला अगार पाण्यात उकळायचा. त्यात मीठ, जंतूंना खायला पेप्टोन, दुधातली असते ती साखर, पित्ताचे क्षार, आणि थोडा लाल रंग. पित्त कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, बाकीच्या जंतूंना ते सोसत नाही, पण या तापाच्या जंतूला चालतं, कारण ताप गेल्यावरही तो काही माणसांच्या पित्ताशयातच घर करून राहतो. साखर खाणारे साधे, निरुपद्रवी जंतू असले की ठिपके गुलाबी होतात. या तापाचा जंतू ती साखर खात नाही. त्याचे ठिपके बिनरंगाचे राहतात. मला तेव्हापासून गुलाबी रंग दिसला की हायसं वाटायचं.

पण त्या उन्हाळ्यात अगार गोठायलाच तयार नव्हता. तो निवायला लागला की एरवी आपोआप घट्ट होतो. पत्र्याखाली दुपारी इतकं तापायचं की बशीत ओतलेला रस तसाच डुचमळत राहायचा. मग मी तांबडं फुटताना येऊन ओतायला लागले. गरम रस कापसातून गाळताना अर्धा कापसातच अडकायचा. बोटं पोळायची. पंखा लावायचा नाही, कारण धूळ. दार उघडायचं नाही, कारण इंदापूरच्या रस्त्यावरून उठणारी वावटळ थेट टेबलावर. जंतू वाढवायची उबदार पेटी आमच्याकडे होती, रॉकेलच्या दिव्यावर चालणारी. पण बाहेरची हवाच तिच्यापेक्षा गरम, तेव्हा दिवा विझवून आम्ही पेटीला ओलं गोणपाट गुंडाळायचो. ऊब देणारी पेटी थंड ठेवण्यासाठी मी दिवसभर पाणी शिंपडत बसायची. हसू यावं अशी गोष्ट आहे, पण त्या खोलीत आम्ही फारसे हसलो नाही.

ज्या गावाची ही गोष्ट, त्याचं नाव मी सांगत नाही. निरवांगीच्या वाटेवर, नीरेच्या काठाशी, असं म्हणते. डॉक्टरांची जीप चावडीसमोर थांबली की माणसं जमायची, आमचं ऐकायची, मान डोलवायची, आणि मी डब्या काढल्या की बायका पदर तोंडाला लावून आत पळायच्या. पहिल्या खेपेला एकही डबी भरून आली नाही. विहिरीचं पाणी तेवढं आम्ही तपासायला नेलं, आणि त्यात काही सापडलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी एका अंगणात लिंबाच्या सावलीला बसले होते, रिकाम्या डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन. घरातून एक उंच, काटक बाई बाहेर आली आणि न विचारता माझ्या हातात ताकाचा पेला दिला. वर जिऱ्याची पूड. मी तो पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात डॉक्टरांचा नियम आठवला. साथीच्या गावात उकळलेल्या पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. मी पोटाचं काहीतरी कारण सांगितलं. तिने पेला परत घेतला, वाईट वाटून घेतलं नाही.

ती हौसाक्का. सारं गाव तिला आक्का म्हणायचं. नवरा कधीच्या काळी गेलेला, मूलबाळ नाही, थोडी बागायत पुतण्या बघायचा, आणि दारात एक दुभती म्हैस. गावात निम्म्या घरांत दुभतं नव्हतं. उन्हाळाभर त्या घरांतली पोरं सकाळी तांबे घेऊन आक्काच्या दारात यायची आणि ती प्रत्येकाचा तांब्या भरून द्यायची. ताक विकायचं नसतं, असं तिचं म्हणणं. भाकरी, ताक आणि कांदा, एवढ्यावर बऱ्याच घरांची दुपार व्हायची.

पिशवीत काय आहे, ते तिने विचारलं. मी जरा लाजतच सांगितलं. ती म्हणाली, "ताप कुठनं येतो ते यातनं कळंल व्हय?"

"कळेल असं वाटतं, आक्का."

"मंग लाजून कसं चालंल," असं म्हणून तिने एक डबी उचलली. सगळ्यांत आधी तिने स्वतःचा नमुना दिला. मग मला बरोबर घेऊन ती घरोघर गेली. बायांना दटावलं, एकीला तर शेवंताची आठवण करून दिली. शेवंता म्हणजे शेजारच्या तात्यांची लेक. माहेरपणाला आली होती आणि आम्ही गावात येण्याच्या थोडंच आधी या तापाने गेली होती. तात्यांच्या दाराशी आक्का आवाज खाली आणून बोलली. तात्यांची बायको यमुनाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने डबी घेतली. परत येताना आक्का मला म्हणाली की पोरीच्या अंगात ताप असताना तिला दुसरं काही जात नव्हतं, ताकाचा घोट तेवढा उतरायचा. आक्का स्वतः वाटीने पाजायची.

त्या दिवशी पिशवी भरून आली. जीपमध्ये मी खुशीत होते. आक्काचं कौतुक करत होते. डॉक्टर ऐकत होते, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. बारामती जवळ आल्यावर ते म्हणाले की आजारी घरं एका गोष्टीत सारखी आहेत. ज्यांच्याकडे स्वतःची म्हैस आहे, त्यांच्याकडे ताप नाही. मी काय समजायचं ते समजले. कालव्याचं पाणी उन्हात चमकत होतं आणि मी त्याच्याकडे बघत बसले.

पहाटे बशा ओतल्या होत्या. नमुने त्यांवर रेघोट्या ओढून लावले, पेटीत ठेवले, गोणपाट भिजवलं. दुसऱ्या सकाळी एकेक बशी उजेडात धरून पाहिली. गुलाबी, गुलाबी, गुलाबी. काही ताज्या आजाऱ्यांच्या बशांत अपेक्षेप्रमाणे बिनरंगी ठिपके. मग आक्काची बशी. तिच्यात गुलाबी जवळजवळ नव्हतंच. रेघोटीच्या टोकापर्यंत दवासारखे फिकट, निर्मळ दिसणारे ठिपके. इतकी स्वच्छ वाढ मी शिकताना सुद्धा पाहिली नव्हती. दिसायला ती बशी सुंदर होती, हे आजही मला सांगावंसं वाटत नाही, पण होती.

मी आशा सोडली नाही. बिनरंगी ठिपका म्हणजे हाच जंतू असं नव्हे, दुसरेही असतात. डॉक्टरांनी त्यातला एक ठिपका अगारच्या तिरक्या नळीत उतरवला आणि ती नळी मी स्वतः दौंडच्या छोट्या आगगाडीने निघून पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचवली. उत्तर येईपर्यंत मी रोज पहाटे अगार ओतत होते आणि त्याच पहाटे आक्का ताक घुसळत असेल, हे मनातून जात नव्हतं. डॉक्टरांनी खात्री होईपर्यंत थांबायला नकार दिला. साथ हटेपर्यंत कुणी कुणाच्या घरचं ताक-दूध घेऊ नये, पाणी उकळून प्यावं, असं त्यांनी चावडीत सांगून टाकलं. नाव कुणाचं घेतलं नाही. लोकांनी मान डोलवली आणि पोरं दुसऱ्या दिवशी तांबे घेऊन आक्काकडे गेली.

पुण्याहून उत्तर आलं. तोच जंतू.

डॉक्टर म्हणाले, तिला तुम्ही सांगा, बाईमाणसाने सांगितलेलं बरं. ते अंगणात थांबले आणि मी गोठ्यात गेले. आक्का म्हशीला पाणी दाखवत होती. मी सुरुवात चांगली केली. म्हटलं, पूर्वी तुम्हाला कधी मोठा ताप आला होता का? तिने सांगितलं, नवरा ज्या तापात गेला त्याच तापात तीही पडली होती, केस सगळे गळाले होते, पण ती उठली. मग मी सांगत गेले. ताप गेला तरी त्याचं बी पोटात राहतं. त्या माणसाला काही होत नाही. पण हाताला लागून ते दुसऱ्याच्या पोटात जातं. ताकातलं लोणी आपण हाताने गोळा करतो, त्यातून. दोष कुणाचाच नसतो.

ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "शेवंता माझ्या ताकानं गेली व्हय?"

मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात तसं अगदी खात्रीने सांगता येत नाही.

"डाक्टरांचं ऱ्हाऊ दे. तू सांग, पोरी."

इतके दिवस ती मला 'तुमी' म्हणायची. मी मान हलवली. व्हय, अशी. तिने हातातली बादली खाली ठेवली आणि आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले, उलटे, सुलटे. म्हैस पाणी पीत होती, तेवढाच आवाज.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा आम्हाला हाकलून देईल. आमची सगळी तयारी त्यासाठी होती. नाव गावात फुटू नये, असं डॉक्टरांचं म्हणणं. पुतण्या म्हैस विकेल, आक्काची तब्येत बरी नाही असं सांगता येईल. पण आक्काने म्हशीचं दावं सोडलं आणि म्हैस घेऊन ती चालू लागली. आम्ही मागोमाग. ती तात्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. तात्या ओट्यावर बसले होते, यमुनाबाई आत चुलीपाशी. आक्काने सगळं सांगितलं, मी तिला सांगितलं होतं तेच, तिच्या शब्दांत, काही न गाळता. मग म्हणाली, "म्हस हितं बांधते. गावाचं ताक बंद व्हाया नगं. पर माझ्या हातचं नगं."

तात्या उठले. मला भीती वाटली. पण ते कुणाकडेही न बघता अंगणातून शेताच्या वाटेला लागले. यमुनाबाई दारात आली होती. तिने आक्काकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं. आक्काने दावं तिथल्या लिंबाच्या खोडाला बांधलं आणि ती घरी गेली.

आम्ही त्या दिवशी चावडीतच काम करत बसलो होतो. दुपारभर म्हशीचं हंबरणं ऐकू येत होतं. संध्याकाळच्या धारेची वेळ झाली तसं ते वाढलं, कासेला ताण बसला की जनावर कसं ओरडतं तसं. मग एकदम थांबलं. जाताना जीप तात्यांच्या घरावरून गेली. यमुनाबाई गुडघ्यांत चरवी धरून धार काढत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

ताप ओसरला. नव्या घरात कुणी आजारी पडेना. डॉक्टरांचं काम फत्ते झालं, वरून शाबासकी आली. माझ्या मामांनी चार पाहुण्यांत माझं कौतुक केलं. आणि गावात आक्काचं जगणं अवघड झालं. तिच्या तोंडावर कुणी वाईट बोललं नाही, हे मी तिथल्या लोकांविषयी मुद्दाम सांगते. पण विहिरीवर ती आली की बाया बाजूला होऊन तिला सगळ्यांच्या शेवटी पाणी शेंदू देत. दळण घेऊन ती जात्यावर कुणाकडे बसेनाशी झाली. पोरं तिच्या अंगणातून आडवी जायची, ती मागच्या बाजूने जाऊ लागली. डॉक्टरांनी एकदा माणसं जमवून समजावलं, नुसतं शेजारी बसल्याने हे होत नाही, हात धुतले की पुरे, या बाईनेच आपला नमुना आधी दिला म्हणून तुमची पोरं वाचली. सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तेच.

मी जायची तेव्हा ती माझ्याशी नीट बोलायची. एकदाच म्हणाली, "बाई, माणसाला खाऊ घालायचं नसंल तर दिस लई मोठा असतो."

तापावरचं नवं औषध तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं. ते आजाऱ्याला वाचवायचं, पण आक्कासारख्यांच्या पित्ताशयातून जंतू हुसकायचं नाही. पित्ताशय काढून टाकणं हा एक उपाय होता. मोठी शस्त्रक्रिया, आणि त्यानेही जंतू जातीलच असं नाही. डॉक्टरांनी हे तिला काही न लपवता सांगितलं. यातून जीवही जाऊ शकतो, हेही. आक्का म्हणाली, कापा. पुतण्याचं मन नव्हतं. तिने त्याचं ऐकलं नाही. पुण्याच्या इस्पितळात तिला नेलं तेव्हा मी बरोबर होते. खाटेवर पडल्या पडल्या ती शेजारच्या बाईला, माझ्या ताटाला हात लावू नका, असं बजावत होती. शस्त्रक्रिया पार पडली. जखम चिघळली, बरेच दिवस ताप राहिला, आणि एका सकाळी तिने भाकरी मागितली.

मग माझं काम पुन्हा सुरू झालं. हिवाळाभर मी अधूनमधून गावात जाऊन तिची डबी आणायची. थंडीत अगार छान गोठायचा. ओतला की बघता बघता घट्ट, आरशासारखा. मी आक्काची बशी पेटीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी झाकण उचलण्याआधी थोडा वेळ तशीच उभी राहायची. गुलाबी. पुन्हा गुलाबी. फाल्गुनात पुन्हा गुलाबी. तिला सांगायला गेले की ती विचारायची, "माजं ते उगवलं का?" मी म्हणायची, "नाही आक्का, नाही उगवलं." शेतकऱ्याच्या घरात जन्म गेलेली बाई. न उगवल्याची बातमी चांगली असते, याची सवय व्हायला तिला वेळ लागला. ऐकून घ्यायची आणि क्षणभर खिन्न दिसायची.

डॉक्टरांना मी विचारलं, आता झालं ना? ते हातातली नळी पुसत म्हणाले, "आपण एवढंच म्हणू शकतो की आपल्याला सापडला नाही."

हे वाक्य मला त्यांच्या कुठल्याही शिकवण्यापेक्षा जास्त लक्षात राहिलं आहे. अगारवर काय उगवलं ते दिसतं. जे उगवलं नाही ते नाहीच, की त्या दिवशी त्या चिमटीत आलं नाही, हे बशी सांगत नाही. पुढे संसारात, मुलांच्या आजारपणात, माणसांच्या स्वभावांबाबत सुद्धा मी हे वाक्य मनात म्हटलं आहे, आणि त्याने मला कधी धीर दिलेला नाही.

वर्ष फिरलं. पुन्हा वैशाख, पुन्हा पत्रा तापलेला. डॉक्टरांनी आक्काला कळवायला मला पाठवलं, की आता आमच्याकडून तपासणी संपली, यापुढे ती सगळ्यांसारखी. मी हे सांगितलं तेव्हा ती ओट्यावर गहू निवडत होती. सूप बाजूला ठेवलं, आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घासलेला तांब्या होता. म्हणाली, चल माझ्यासंगं.

आम्ही तात्यांच्या दारात गेलो. वर्षभरात ती तिथे गेली नव्हती. यमुनाबाईने म्हैस ठेवून घेतली होती आणि रोज सकाळी गावाला ताक वाटत होती, पण यावर दोन घरांत एक शब्द झाला नव्हता. तात्या ओट्यावर होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि जागचे हलले नाहीत, एवढंच. आक्का अंगणात, इतर घरांतली पोरं उभी राहतात तिथे, उभी राहिली आणि तांब्या पुढे करून म्हणाली, "यमुने, ताक हाय का?"

यमुनाबाई बाहेर आली. बराच वेळ त्या तांब्याकडे बघत राहिली. मग तो घेतला, आत जाऊन भरून आणला आणि आक्काच्या हातात दिला. आक्का तिथेच उभ्याने प्यायली. प्यायला तिला खूप वेळ लागला. लिंबाखाली म्हैस तिला ओळखून मान वर करून बघत होती.

तांब्या रिकामा झाल्यावर यमुनाबाई म्हणाली, "माजा खांदा धरलाय. सकाळी घुसळाया येशील का?"

तात्यांनी मान वर केली नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. आक्का माझ्याकडे वळली. दोघीही माझ्याकडे बघू लागल्या.

त्या अंगणात मी बावीस-तेवीस वर्षांची पोर होते. माझ्या पाठीशी हिवाळाभरच्या गुलाबी बशा होत्या, आणि डॉक्टरांचं ते वाक्य होतं. डॉक्टर बारामतीला होते. विचारायला कुणी नव्हतं. नाही म्हटलं असतं तर आक्का मुकाट्याने घरी गेली असती आणि पुन्हा कुणाच्या दारात गेली नसती, हे मला लख्ख दिसत होतं. आणि शेवंता मी पाहिलेली नव्हती, तरी तीही मला दिसत होती.

"जा, आक्का," मी म्हटलं. "साबणानं हात धुवा, आणि लोणी हातानं नका काढू, लाकडी डावानं काढा."

"आता आमी समद्याच धुतो हात," यमुनाबाई म्हणाली.

पुढे ताप आला नाही. त्या उन्हाळ्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आक्का बरीच वर्षं जगली. हे सगळं मला सावकाश, इंदापूरकडून मामांकडे येणाऱ्या पक्षकारांकडून कळत गेलं. मी मात्र तो सबंध उन्हाळा त्या बाजूचा माणूस दिसला की पहिल्यांदा, गावात कुणी आजारी आहे का, हेच विचारायची. माणसं नाही म्हणायची आणि मला त्यांचं खरं वाटायचं नाही. आक्काला मी 'जा' म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गावात थांबले होते, चावडीच्या पायरीवर जीपची वाट बघत. ऊन नुकतं वर येत होतं. तात्यांच्या घरातून रवी फिरल्याचा आवाज येत होता, लांब, एका लयीत, सरावाच्या हाताचा. आणि चावडीवरून, माझ्या समोरून, गावातली पोरं तांबे घेऊन त्या आवाजाकडे चालली होती.